आधी माप ठरवा, दराचं मग बघू: तालुक्याच्या गवंडी कंत्राटदार संघटनेला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
गवंडी व बांधकाम कंत्राटदार संघटना, आपला तालुका.

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेची नोटीस ग्रुपवर मिळाली. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा, येत्या हंगामासाठी बांधकामाचे दर ठरवणे. तिसरा, ज्येष्ठांचा आणि गुणवंत पाल्यांचा सत्कार. चौथा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय. मी चौदा वर्षं सभासद आहे आणि चौदाही नोटिसा जवळजवळ अशाच होत्या. मला जे बोलायचं आहे ते ऐन वेळच्या विषयात मावणार नाही. तोपर्यंत मटणाचा वास हॉलभर झालेला असतो आणि कोरम पंगतीत बसलेला असतो. सभा दर वर्षी आषाढातच, श्रावण लागायच्या आत का घेतात, हे सचिवांना मी सांगायला नको. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण आपल्या सभेला कधी न येणाऱ्या गवंड्यांनी आणि घर बांधायला निघालेल्या मालकांनीही ते वाचावं असं वाटतं.

बाहेर पावसाने धरलंय. माझं एक काम जोत्यापर्यंत येऊन थांबलंय, दुसऱ्याचा स्लॅब ओतून झाला पण गिलावा राहिला. माणसं लावणीला गावाला गेली आहेत. गणपती होईस्तोवर आपण सगळेच कमी-जास्त रिकामे, म्हणून निवांत लिहितो. चुकलं-माकलं तर सभेत बोला.

दराबद्दल माझी भूमिका आधी सांगतो, कारण त्यावरून काही जण रागावणार आहेत. विषय क्रमांक दोन नोटिशीतून काढून टाकावा असं माझं मत आहे. चार वर्षांपूर्वी आपण एक किमान दर ठरवला होता. आठवत असेल, सगळ्यांनी सह्या केल्या आणि खाली जाईल त्याला दंड असंही ठरलं. आठ दिवस तो दर टिकला. नवव्या दिवशी कोणीतरी फुटामागे पाच रुपये खाली आला, मग कोणीतरी सात. मी नावं घेणार नाही, कारण त्यात एक नाव माझं होतं. पोराची फी भरायची होती, हातात दुसरं काम नव्हतं, आणि मालकाने फोनवर सरळ सांगितलं, "मेस्त्री, बाजूच्या वाडीतला तुमच्यापेक्षा कमी सांगतोय." मी हो म्हटलं. तेव्हा मला दंड कोणी केला नाही, कारण करणारेही त्याच वाटेने गेले होते.

शिवाय ते कायद्यात बसत नाही. २००२ चा स्पर्धा कायदा धंदेवाल्यांनी संघटनेत बसून एकमताने भाव बांधायला बंदी करतो. सिमेंटच्या बड्या कंपन्यांपासून औषध विक्रेत्यांच्या संघटनांपर्यंत अनेकांना स्पर्धा आयोगाने त्यापायी दंड केलेले आहेत. आपल्यासारख्या तालुक्याच्या संघटनेकडे दिल्लीहून कोण बघायला येतंय, असं आपले उपाध्यक्ष म्हणतील. नसेल येत. पण ज्याचा उपयोग आठ दिवस आणि धोका कायमचा, असा ठराव दर वर्षी करण्यात काय हशील?

आणि समजा दर टिकला, तरी आपला पैसा जातो तो दरात जात नाही. तो मापात जातो. माझाच दाखला देतो.

तीन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात घराचं काम घेतलं होतं. साधं घर, बाहेरून तीस बाय चोवीस, चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांची, नऊ इंची भिंत, जोत्यापासून दहा फूट उंच. काम लेबर रेटने, म्हणजे फक्त मजुरीवर, चौरस फुटाच्या हिशोबाने. मालक मुंबईला, बोलणं सगळं फोनवर. मे महिन्यात ते आले, बरोबर भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी माझ्या रिवाजाने माप धरलं, बाहेरून बाहेर. तीस नि चोवीस चोपन्न, दुप्पट एकशे आठ, गुणिले दहा. बाहेरच्या भिंतींचं माप झालं १,०८० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा नाहीत. भोक ठेवायला सलग भिंतीपेक्षा जास्त खटाटोप असतो. चिरा कापा, कड ओळंब्यात आणा, चौकट बसेल इतकी जागा सोडा. हे आपल्यातल्या बिगाऱ्यालाही माहीत आहे.

भाच्याने टेप आतून धरला. एकशे दोन फूट, गुणिले दहा. दोन दरवाजे साडेतीन बाय सात, सहा खिडक्या चार बाय चार, म्हणजे १४५ चौरस फूट वजा. त्याचं माप आलं ८७५. "मेस्त्री, तुम्ही चारही कोपरे दोनदा मोजलेत," तो म्हणाला. पोरगा उद्धट नव्हता. सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर त्याने कोपऱ्याचं चित्र काढून दाखवलं, आणि चित्र बरोबर होतं. मात्र त्याने स्वतः तेच कोपरे एकदाही मोजले नव्हते, हे मला रात्री घरी आल्यावर सुचलं. खरं माप भिंतीच्या मध्यावरून धरायचं असतं. ते येतं एकशे पाच फूट. आम्ही दोघेही चुकलो होतो, पण कागद नि पेन त्याच्याकडे होतं.

फरक २०५ चौरस फुटांचा. जवळजवळ पाचवा हिस्सा. दर आमचा पक्का होता, त्यावर एका शब्दाचा वाद नव्हता. शेवटी गावच्या पोलीस पाटलांच्या पडवीत बसून मधला आकडा काढला, तोही तुकड्या-तुकड्याने मिळाला. शेवटचे पैसे गौरी-गणपतीला मालक आले तेव्हा. गडग्याचं, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचं, काम मग त्यांनी दुसऱ्याला दिलं. माझ्याकडे त्या वेळी सात माणसं होती. त्यांना आपण पाचव्या हिश्श्याची कथा सांगू शकत नाही. त्यांना आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पगार लागतो.

आता, बांधकाम कसं मोजावं याचं भारतीय मानक आहे, क्रमांक १२००, त्याचे कामागणिक वेगवेगळे भाग आहेत. त्यातली वजावटीची रीत अशी की ०.१ चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण एक चौरस फुटाचं भोक वजा करायचं नाही. त्याहून मोठं ते वजा होतं. म्हणजे सरकारी रीत आपल्या रिवाजाच्या विरुद्ध जाते. जाऊ दे. मला ती चालेल. भिंत मध्यावरून मोजा, दारं-खिडक्या वजा करा, पण मग प्रत्येक भोकाच्या कडेचा दर धावत्या फुटावर वेगळा लावा. उंचावर परांची बांधावी लागते, तर परांचीवरच्या कामाचा दर वेगळा. पाख्याखालची त्रिकोणी भिंत वेगळी, व्हरांड्याचे खांब वेगळे. दर ज्याचा त्याने ठरवावा, कोणी पाच रुपये वर, कोणी खाली. माप मात्र तालुक्यात एकच. संघटनेने एवढं एक पान, चित्रासह, छापून दिलं तर पुढच्या भाच्याला सिमेंटच्या गोणीवर चित्र काढावं लागणार नाही.

मापाचा दुसरा घोळ चिऱ्यातच आहे. चौदा-नऊ-सात इंच म्हणून आपण चिरा घेतो. खाणीतून ट्रक येतो, आपण ट्रकवरचा आकडा मोजतो, आकार कोण मोजतं? मागच्या हंगामात मी एका ट्रकमधले वीस चिरे बाजूला काढून टेप लावला. लांबीत अर्धा इंच आणि उंचीत अर्धा इंच कमी असलेले बाराच्या वर निघाले. अर्धा इंच म्हणजे काय, असं वाटतं. अर्ध्या इंचाचा सांधा धरला तर पूर्ण आकाराच्या चिऱ्याने हजार चौरस फूट भिंतीला सव्वातेराशेच्या आसपास नग लागतात. अर्धा-अर्धा इंच कमी असलेल्या चिऱ्याने तीच भिंत साडेचौदाशेच्या पुढे जाते. एकशे चाळीस-पंचेचाळीस चिरे जास्त, त्यांच्या सांध्यांना सिमेंट-वाळू जास्त, थर जास्त, आणि आपली मजुरी मात्र चौरस फुटाला तेवढीच. मालकाला वाटतं मेस्त्र्याने चिरे फोडले किंवा पळवले. खाणवाल्याचं ब्लेड झिजलं की झिजवलं, ते देव जाणे.

आकाराबरोबर कसही बघायला हवा. आपला जांभा जमिनीतून निघतो तेव्हा नरम असतो, हवा लागेल तसा टणक होतो. याच गुणावरून फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या नोकरीतल्या माणसाने १८००-०१ च्या दौऱ्यात मलबारात तो बघितला, तिथले लोक विटेसारखा कापून वापरतात म्हणून १८०७ मध्ये छापलेल्या ग्रंथात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आपले जुने लोक हातचिरा काढून ठेवायचे, ऊन-वारा खाऊन तो घट्ट झाला की भिंतीला घ्यायचे. आज मशीनने सकाळी कापलेला चिरा संध्याकाळी साइटवर असतो आणि परवा भिंतीत. नखाने उकरलं तर पिवळा भुगा पडतो, थापीने ठोकलं तर बद्द वाजतो, तरी आपण लावतो, कारण मालकाला गणपतीच्या आत वर पत्रा किंवा कौलं हवी असतात. जांभ्याच्या चिऱ्यालाही भारतीय मानक आहे, ३६२० क्रमांकाचं, १९७९ चं. दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन दाब सोसला पाहिजे असं ते म्हणतं. आपल्यातल्या किती जणांनी चिरा कधी तपासणीला पाठवलाय? मीही नाही. एकट्याने पाठवायचा तर परवडत नाही आणि निकाल वाईट आला तर खाणवाला उद्यापासून ट्रक देणार नाही. संघटनेने वर्षातून एकदा, दिवाळीनंतर खाणी जोरात सुरू झाल्या की, प्रत्येक खाणीतले पाच-पाच चिरे जिल्ह्यातल्या एखाद्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पाठवावेत आणि आलेले आकडे सभासदांना कळवावेत. संघटनेचा ट्रक कोणी बंद करू शकत नाही, कारण संघटनेकडे ट्रक येतच नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं तो दिवस. निसर्ग वादळाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनकडे जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे नि कौलं उडाली, ते सगळ्यांना आठवतंय. तौक्तेच्या वेळी माझ्या एका कामावर पाख्याची त्रिकोणी भिंत उभी होती. वर वासे नाहीत, मागे टेका नाही, आदल्या आठवड्यातच शेवटचा थर लावलेला. दुपारी ती आडवी झाली, शेजारच्या गोठ्यावर. गुरं सकाळीच दुसरीकडे हलवली होती म्हणून निभावलं. मालक म्हणाले, काम तुमच्या ताब्यात होतं. मी म्हटलं, वादळ माझ्या ताब्यात नव्हतं. भिंत मी पदरमोड करून पुन्हा बांधली, गोठ्याची कौलंही भरून दिली. मालकांचा मला राग नाही. आमच्यात कागद असता तर त्यात एक ओळ असती, आणि त्या ओळीप्रमाणे दोघेही वागलो असतो.

टेका का दिला नव्हता, हेही विचारा. कोणी सांगितलंच नव्हतं. वडिलांनी ओळंबा धरायला शिकवलं, वाऱ्याला अर्धी भिंत कशी धरायची हे त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं. अमेरिकेतल्या गवंडी कंत्राटदारांची देशभराची संघटना १९५० पासून आहे. बांधकाम चालू असताना अर्धवट भिंतीला वाऱ्यात आधार कसा द्यायचा, याचं मार्गदर्शन ती संघटना छापते. तिथली भिंत वेगळी, तिथला वारा वेगळा, ती पुस्तिका इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. पण संघटनेचं काम काय असतं, ते त्यावरून कळतं. आपल्याकडे दोन वर्षांत दोन वादळं येऊन गेली. त्यानंतरच्या सभेत आपण काय ठरवलं, तर वादळग्रस्तांसाठी पत्रे वाटणाऱ्या पुढाऱ्यांचा सत्कार.

कराराचा नमुना एका पानात बसवा. दोन पानं झाली की मालकही वाचत नाही आणि आपणही नाही. माप कसं धरायचं, चिऱ्याचा आकार काय, आकार कमी आला तर कोणाच्या अंगावर. पाणी आणि वीज कोणी द्यायची. हप्ते कुठे, म्हणजे जोत्याला किती, लिंटेलला किती, स्लॅबला किती. मधेच पडवी वाढवायची झाली किंवा न्हाणीघर उजवीकडचं डावीकडे न्यायचं झालं, तर त्याचे पैसे आधी लिहून घ्यायचे. वादळात पडलं तर निम्मं-निम्मं, किंवा जे ठरेल ते. वाळू कोणी आणायची आणि कुठली, हेही त्यात यायला हवं. खाडीची खारी वाळू धुतल्याशिवाय वापरली की दोन पावसात गिलाव्यावर पांढरा फेस येतो आणि आतली सळई गंजते. मग फोन आपल्यालाच येतो. आज आपला करार म्हणजे मोबाइलवरचा "ओके" आणि एक अंगठा. एवढ्यावर आपण चार-चार लाखांची कामं धरतो.

जीएसटीबद्दल एका वाक्यात सांगतो, कारण त्यावरून उगाच घाबरवणारे फार आहेत. एकाच सुट्या घराचं नवं बांधकाम फक्त मजुरीवर घेतलं असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. मालासकट घेतलं की गणित बदलतं. हे मला एका कर सल्लागाराला पैसे देऊन कळलं. सचिव ते ग्रुपवर फुकट टाकू शकले असते. सुप्रभातची फुलं येतात त्याच ग्रुपवर.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

माझ्याकडे विजापूरकडचा एक गवंडी होता. नऊ वर्षं माझ्याबरोबर. चिऱ्याची कड तासण्यात त्याच्यासारखा हात मी बघितला नाही. दोरीशिवाय थर सरळ न्यायचा आणि मग मुद्दाम दोरी लावून मला दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी मे अखेरीला वळवाची एक सर येऊन गेली. परांचीचे बांबू ओले, त्याचे पाय सिमेंटने माखलेले, चपला खाली काढून ठेवलेल्या. अकरा फुटांवरून तो चिऱ्यांच्या ढिगावर पडला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन, सळई, तीन महिने खाटेवर. संघटनेने त्याच आठवड्यात थाळी फिरवली, अकरा हजार चारशे रुपये जमले. ज्यांनी दिले त्यांना मी आजही विसरलेलो नाही. उरलेलं मी दिलं, काही त्याच्या भावाने. तो आता गावी शेळ्या राखतो. परांचीवर चढत नाही.

त्या अपघाताच्या आधी दोनदा त्याने माझ्याकडे एक कागद आणला होता. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि त्यावर कंत्राटदाराची सही चालते. मी दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं. कोणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं की सही केली की सेस, म्हणजे बांधकामावरचा उपकर, माझ्या डोक्यावर बसतो. आपल्यातल्या निम्म्यांचा आजही तोच समज आहे, मला माहीत आहे. उपकर बांधकामाच्या खर्चावर असतो, एक टक्का, आणि राहत्या लहान घराला त्यातून सूट असते. गवंड्याने ९० दिवस काम केलं असं खरं लिहून दिल्याने तो लागतही नाही आणि न दिल्याने टळतही नाही. नोंदणीची फी एक रुपया आहे. एक रुपया. एजंट त्याच कामाचे किती घेतो, ते नाक्यावर कोणालाही विचारा. अठरा ते साठ वयाच्या माणसाला नोंदणी करता येते, आणि त्यावर उपचारापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत मदतीच्या योजना आहेत. आपल्याकडे त्याची चर्चा फक्त मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचापुरती आणि पेटीपुरती होते, त्यालाही आपणच कारण.

संघटनेने दिवाळीनंतर दोन दिवस टेबल टाकून बसावं. आपापल्या माणसांचे दाखले आपणच सह्या करून द्यावेत, फॉर्म भरायला एक पोरगा पगारावर घ्यावा. त्याच टेबलावर वर्षाला २० रुपयांचा सरकारी अपघात विमाही काढावा. मात्र तो काय देतो ते नीट सांगावं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. मोडलेल्या मांडीला तो काही देत नाही. त्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती घेताना औषधोपचाराचा खर्च त्यात आहे की नाही ते विचारावं लागतं. एकट्या कंत्राटदाराला, ज्याच्याकडे आज सात माणसं आणि उद्या तीन, विमा कंपनी उभी करत नाही. आपण सगळे मिळून गेलो तर बसायला खुर्ची तरी देईल. थाळी बंद करा असं मी म्हणत नाही. पण थाळीत किती पडतं ते त्या आठवड्यात कोणाच्या हातात किती खुळखुळतंय त्यावर असतं.

जाता जाता एक. पत्राच्या सुरुवातीला "बंधूंनो" लिहिलं नाही, ते मुद्दाम. आपल्या कामांवर घमेली वाहणाऱ्यांत बायका निम्म्या तरी असतात. सभासद यादीत एकही नाही. दाखल्यांच्या टेबलावर त्यांच्या नावाचे कागद आधी भरा.

शिकवण्याबद्दल फार लांबवत नाही. कारागिरांसाठीची केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत गवंडी आहे. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे पाच टक्क्यांनी एक लाखापर्यंत कर्ज. ते फेडलं की दोन लाखांपर्यंत. घरटी एकालाच मिळतं. आपल्या तालुक्यात ज्यांना मिळालं ते स्वतः धावपळ करणारे होते. आपल्याकडचे खरे हाताचे गवंडी, ज्यांना फॉर्म भरता येत नाही, ते राहिले. यात संघटनेला खर्च काहीच नाही, फक्त कोणीतरी बरोबर जायला हवं.

आणि हो, सत्काराच्या विषयाला माझा विरोध नाही, फक्त सत्कार कोणाचा ते बदलू या. माझ्या पुतण्याने मला मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत लास व्हेगासला गवंड्यांची स्पर्धा भरते. एक तासात कोण जास्त विटा लावतो ते बघायचं, आणि कामात खोट निघाली की विटा वजा. हजारो लोक टाळ्या वाजवतात. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. माझ्या त्या विजापूरच्या गवंड्याला कोणी कधी टाळी वाजवली नाही. आपण माघी गणपतीला अशी स्पर्धा ठेवू. घाईची नको, ओळंब्याची. चार फूट लांब, चार फूट उंच, दोन्ही कडा सुट्या, चिरा तासून लावायचा. परीक्षक म्हणून ज्यांनी आता थापी ठेवली आहे त्या म्हाताऱ्यांना बसवा. जिंकणाऱ्याला शाल नको, चांगला पाणसळ द्या.

माझी एकच लेखी मागणी आहे. विषय क्रमांक दोन काढून तिथे "बांधकाम मोजण्याची पद्धत आणि कराराचा नमुना ठरवणे" असं टाकावं. दुरुस्त नोटीस ग्रुपवर यायला अजून आठ दिवस आहेत. अनुमोदन द्यायला दोन सभासद तयार आहेत, त्यांची नावं सचिवांना वेगळी कळवतो.

चिऱ्याचा साचा मी वेल्डरकडे टाकला आहे. एका बाजूने चौदा-नऊ-सात, उलटा धरला की साडेतेरा-नऊ-साडेसहा. चिरा पहिल्यात सैल आणि दुसऱ्यात घट्ट बसला, की ट्रक परत. पट्टी जाड घेतली आहे, आपटला तरी वाकणार नाही. पैसे मी दिले आहेत, ते परत नकोत. सभेच्या दिवशी तो टेबलावर, हारांच्या शेजारी, ठेवू द्यावा आणि दारात येताना दोन-चार खाणींतले चिरे कोणीतरी गाडीत घालून आणावेत. जेवणाआधी मोजून होतील.

आपला,
एक सभासद, वर्गणी भरलेला